काली नदीच्या कांठाकांठानें

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत राज्यांच्या सीमांचे दोन वर्ग केलेले असतात. एक कृत्रिम व दुसरा नैसर्गिक. पर्वत, समुद्र आणि नदी या नैसर्गिक सीमा होत, असें विद्यार्थ्यांकडून घोकून घेतात, व आम्हींहि आपल्या नोकरीच्या काळांत तें इमानेंइतबारें घोकून घेतलें आहे. परंतु पर्वत बसल्या जागीं बसून राहतो, आणि नदी वाहते. तिला शाखा-उपशाखा असतात, ती पात्र बदलते, आणि मुख्य म्हणजे तिला एक सोडून चार नांवें असतात. ज्या सीमेचा आधारच असा चंचल, तिचें पुढें काय होतें हें पाहावयाचें असेल, तर भारत व नेपाळ यांच्यामधून वाहणारी काली नदी पाहावी. गेल्या वैशाखांत आम्ही व आमचे एक जुने सहाध्यायी, असे साठी उलटलेले दोघे गृहस्थ, बनबशापासून कालापाणीपर्यंत या नदीच्या कांठानें जमेल तितके वर गेलों. त्या प्रवासांत जें पाहिलें आणि त्यानिमित्त जें वाचनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नांवांचा उलगडा केला पाहिजे, नाहींतर पुढचें कांहींच समजणार नाहीं. नेपाळांत या नदीला महाकाली म्हणतात. भारतांत ती डोंगरांत आहे तोंवर काली, आणि मैदानांत उतरली म्हणजे शारदा. पंचेश्वर या ठिकाणीं तिला कुमाऊंतील बागेश्वराकडून येणारी सरयू मिळते व सरयू हें नांव तेथें लुप्त होतें. पुढें शारदा घाघरेला मिळते. आणि हीच घाघरा अयोध्येपाशीं पोंचली कीं लोक तिला पुन्हां सरयू म्हणूं लागतात! ऋग्वेदांत जिचा उल्लेख आहे ती सरयू यांपैकीं कोणती, हा प्रश्न पंडितांकडे सोंपवून आम्ही पुढें जातों. येथें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, या प्रदेशांत नांव आणि प्रवाह हीं नेहमींच एकमेकांबरोबर चालत नाहींत.

ही नदी सीमा झाली ती सुगौलीच्या तहानें. त्यापूर्वीं गुरख्यांचें राज्य पश्चिमेस थेट सतलजपर्यंत पसरलें होतें. काली ही त्या राज्याच्या मधोमध वाहणारी एक नदी होती. १८१४ सालीं कंपनी सरकारशीं त्यांचें युद्ध जुंपलें, १८१५ त अलमोडा पडलें, आणि २ डिसेंबर १८१५ रोजीं चंपारण्यांतील सुगौली येथें तह लिहिला गेला. तो ४ मार्च १८१६ रोजीं पक्का झाला. त्याच्या पांचव्या कलमाचा आशय असा कीं, काली नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा सारा हक्क नेपाळचा राजा सोडून देत आहे. बस्स, इतकेंच. काली म्हणजे कोणती, ती कोठून निघते, वरच्या अंगाला दोन ओढे भेटले तर त्यांतला कोणता धरावयाचा, याविषयीं त्या कलमांत एक अक्षर नाहीं. लिहिणाऱ्यांना त्याची गरजहि भासली नसावी. सुगौली गंगेच्या मैदानांत आहे. तेथून कालीचा उगम कोणाच्या दृष्टीस पडणार?

तराईचा बराच भागहि त्या तहानें इंग्रजांकडे गेला होता. १८५७ च्या युद्धांत जंगबहादुरानें इंग्रजांना फौजेची मदत केली, तिची बक्षिशी म्हणून १८६० सालीं पश्चिम तराईचे चार जिल्हे नेपाळला परत मिळाले व काली खालच्या मैदानांतहि सीमा झाली. त्याच सुमारास आपले नानासाहेब पेशवे नेपाळच्याच तराईंत आसरा शोधीत भटकत होते, हें आठवल्यावांचून मराठी माणसाला ही हकीकत वाचवत नाहीं.

बनबसा येथें नदीवर चौंतीस दारांचा मोठा बंधारा आहे. त्यांतून निघणारा शारदा कालवा १९२८ सालीं सुरू झाला व संयुक्त प्रांताच्या फार मोठ्या भागाला त्यानें पाणी दिलें. बंधारा बांधावयाचा तर त्याचें पूर्वेकडील टोंक नेपाळच्या भूमीवर जाणार! तेव्हां १९२० सालीं दोन्ही सरकारांनीं करार केला. नेपाळनें पूर्वतीरावरची सुमारें ४,००० एकर जमीन दिली, तितकीच जंगलजमीन दुसरीकडे घेतली, शिवाय ५०,००० रुपये आणि पाण्याचा ठराविक हिस्सा पदरांत पाडून घेतला. नदी ही नैसर्गिक सीमा खरी, पण कालव्याची निकड लागतांच ती निमूटपणें बाजूला सरकवितां येते, याचा हा दाखला होय. आज त्याच बंधाऱ्यावरील अरुंद रस्त्यावरून माणसें, सायकली व सामानाचे हातगाडे नेपाळांत जातात. आम्ही गेलों त्या दिवशीं एक नवरामुलगा डोक्याला मुंडावळ्यांसारखें कांहींसें बांधून मोटरसायकलीवर मागें बसून पलीकडे चालला होता, आणि त्याच्याकडे कोणी वळूनहि पाहत नव्हतें.

बनबशाच्या खालीं आणखी एक चमत्कार आहे. दोधारा व चांदनी ही नेपाळी वस्ती नदीच्या पश्चिम कांठाला, म्हणजे एरव्हीं जी भारताची बाजू समजावयाची त्या बाजूला, वसलेली आहे. कारण तेथें सीमा पाण्यावरून जात नाहीं, जमिनींत रोवलेल्या खांबांवरून जाते. या लोकांना स्वतःच्या देशांत जावयाचें तर नावेंतून नदी ओलांडावी लागे, नाहींतर भारतांतून वळसा घ्यावा लागे. अलीकडे सुमारें दीड किलोमीटर लांबीचा पादचाऱ्यांचा झुलता पूल झाला, तेव्हां कोठें त्यांचें हाल थांबले.

टनकपूर येथें नदी डोंगरांतून बाहेर पडते. तेथल्या पूर्णागिरीची यात्रा चैत्रांत मोठी भरते. देवीचें दर्शन झाल्यावर नदीपलीकडे नेपाळांत ब्रह्मदेव येथील सिद्धबाबांचें दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाहीं, अशी श्रद्धा आहे. देवांनीं आपलीं ठाणीं सुगौलीच्या पूर्वींच मांडलीं असल्यामुळें यात्रेकरूंना दोन राज्यांतून फिरावें लागतें. टनकपूरलाहि एक बंधारा आहे. त्याचें एक टोंक नेपाळच्या जमिनीला भिडवावें लागलें, तेवढ्या ५७७ मीटर बांधावरून नेपाळांत मोठें काहूर उठलें. १९९१ चा करार हा केवळ समझोता नसून तहच आहे, असा निर्णय तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं दिला. त्यांतूनच पुढें १२ फेब्रुवारी १९९६ चा महाकाली तह जन्मास आला. त्याविषयीं पुढें सांगूं.

टनकपुरापासून वर नदी खोल दरींत शिरते आणि मोटाररस्ता तिला सोडून चंपावत, लोहाघाट, पिठोरागड असा डोंगरावरून जातो. जिम कॉर्बेटनें १९०७ सालीं मारलेली नरभक्षक वाघीण ती याच चंपावतची. त्याच्या सांगण्याप्रमाणें ती नेपाळांत सुमारें दोनशें माणसें खाऊन, तेथून हांकलली गेल्यावर कुमाऊंत आली व येथेंहि तिनें तितक्याच माणसांचा बळी घेतला. सीमा पाळण्याचें बंधन तिला नव्हतें.

लोहाघाटच्या पूर्वेस खालीं दरींत पंचेश्वर आहे. १९९६ च्या तहाप्रमाणें दोन्ही देशांनीं मिळून तेथें ३१५ मीटर उंचीचें धरण बांधावयाचें आहे. इतकीं उंच धरणें साऱ्या जगांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच असतील. सविस्तर आराखडा सहा महिन्यांत पुरा करावा असें तेव्हां ठरलें होतें. त्याला आतां तीस वर्षें होत आलीं. २०१७ च्या पावसाळ्यांत आपल्या बाजूच्या गांवांत जनसुनावण्या झाल्या. ज्यांचीं घरें-शेतें बुडावयाचीं ते लोक तेव्हांपासून अर्धवट बांधलेल्या भिंतीकडे पाहत बसले आहेत. पुढचा मजला चढवावा कीं नाहीं? लोहाघाटला ज्या घरीं आम्ही उतरलों त्या गृहस्थांची बहीण त्या दरींत दिलेली. ते म्हणाले, "गुरुजी, धरण झालें तर आम्ही रडूं, न झालें तर रडूं, पण एकदां काय तें सांगा म्हणावें." त्याच तहांत महाकालीचें वर्णन "पुष्कळ भागांत सीमा असलेली नदी" अशा अर्थाच्या शब्दांनीं केलें आहे. पुष्कळ भागांत, सर्व भागांत नव्हे. सुगौलीच्या कारकुनांनीं जें सोडलें होतें तें १८० वर्षांनंतरच्या मुत्सद्द्यांनींहि जाणूनबुजून सोडून दिलें.

जौलजीबी येथें नदी पुन्हां रस्त्याला भेटते. मिलमच्या हिमनदीकडून येणारी गोरी तेथें कालीला मिळते. गोरीचें पाणी दुधट, कालीचें गडद. नांवें कोणीं ठेविलीं असतील त्यानें डोळे उघडे ठेवून ठेविलीं आहेत. दर नोव्हेंबरांत येथें जत्रा भरते. पूर्वीं तिबेटांतलें मीठ व लोकर, नेपाळांतलें तूप व मध, आणि देशावरचें धान्य व कापड यांची अदलाबदल या संगमावर होत असे. तिबेटची वाट १९६२ त बंद पडली आणि जत्रेंतला एक पाय गळाला, तरी ती अजून भरते.

येथून धारचुला सुमारें सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. अलीकडे धारचुला, पलीकडे नेपाळचें दार्चुला. उच्चारांत थोडा फरक, बाकी गांव एकच. 'धार' म्हणजे डोंगराचा कणा व 'चुला' म्हणजे चूल. भोंवतालचे डोंगर चुलीच्या धोंड्यांसारखे उभे आहेत व त्या चुलीवर व्यासांनीं अन्न शिजविलें, असें लोक सांगतात. दोन्हींच्या मध्यें पादचाऱ्यांचा एक झुलता पूल. ना पासपोर्ट, ना परवाना; १९५० च्या तहानें दोन्ही देशांच्या लोकांना मोकळी येजा आहे. पुलाच्या तोंडाशीं शिपाई पिशवी उघडून पाहतो, एवढेंच. सायंकाळीं ठरलेल्या वेळीं पूल बंद होतो, आणि तेथें एक मौज होते. नेपाळचें घड्याळ आपल्यापुढें पंधरा मिनिटें चालतें. पलीकडे भाजी घ्यावयास गेलेलें माणूस तिकडच्या घड्याळाकडे पाहून धांवत सुटतें, आणि इकडे आल्यावर त्याला पंधरा मिनिटें फुकट मिळतात.

पुलाजवळ एक वृद्ध बाई लोकरीच्या पंख्या आणि दन, म्हणजे गालिचे, विकावयास बसल्या होत्या. सारा बाजार त्यांना आमा म्हणे; आम्हींहि तसेंच म्हटलें. त्या रं समाजाच्या. हे लोक दारमा, चौदांस व व्यांस या वरच्या खोऱ्यांतले. उन्हाळ्यांत वर गांवीं राहावें, शेती-मेंढ्या पाहाव्या आणि हिंवाळ्यांत धारचुल्यास उतरावें, हा त्यांचा परंपरागत क्रम. व्यांस खोऱ्याचें नांव व्यासमहर्षींवरून पडलें असें ते मानतात. त्या खोऱ्याची नऊ गांवें. त्यांतलीं छांगरू व तिंकर हीं दोन नेपाळांत व बाकीचीं भारतांत. देव एक, भाषा एक, लग्नें आपसांत.

आमांची धाकटी लेक छांगरूला दिलेली आहे. आम्हीं विचारलें, "आमा, मुलगी परदेशीं दिली म्हणावयाची कीं!" त्या हंसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, परदेश म्हणजे दिल्ली. माझी मुलगी समोर आहे." मग पंखीची घडी घालतां घालतां त्यांनीं २० सालची गोष्ट सांगितली. साथीमुळें मार्चमध्यें पूल बंद झाला तो महिन्यामागून महिने बंदच राहिला. पलीकडल्या निवृत्त शिपायांना धारचुल्याच्या बँकेंतून पेन्शन नेण्यापुरता मधून मधून कांहीं दिवस उघडीत, तेवढाच. लेक त्या वेळीं बाळंत झाली होती. आमा सकाळीं नदीच्या या कांठावर येऊन उभ्या राहत, लेक त्या कांठावर नातू घेऊन उभी राही. पाण्याचा आवाज इतका कीं ओरडलेलें ऐकूं जात नसे. "मुलगा आहे हें त्यानें दुपट्यांतून पाय झाडले तेव्हां मला कळलें," असें त्या सांगत होत्या, तेव्हां आमचे स्नेही उगाच दनांच्या किंमती विचारूं लागले.

त्याच वर्षीं, त्याच बंद पुलाच्या दिवसांत, उगमाचा जुना वाद पेटला. पण तो समजण्यासाठीं वर गेलें पाहिजे. धारचुल्याच्या वर जावयास सरकारी परवाना लागतो. तवाघाट येथें धौलीगंगा मिळते, तेथून रस्ता कड्याला चिकटून चढतो. ८ मे २०२० रोजीं या रस्त्याचें उद्घाटन झालें. त्यापूर्वीं यात्रेकरू पायीं अथवा खेंचरांवरून जात. वाटेंत मालपा लागतें. १८ ऑगस्ट १९९८ च्या पहांटेपूर्वीं अख्खा डोंगर या पडावावर कोसळला व दोनशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्यांत कैलासाचे साठएक यात्रेकरू होते, नृत्यांगना प्रोतिमा बेदी होत्या. आमच्या चालकानें तेथें गाडी थांबविली नाहीं, नुसता कपाळाला हात लावला. पुढें बुदी, छियालेख, आणि जमीन खचत चाललेलें गर्ब्यांग. त्यानंतर गुंजी.

गुंजी सुमारें साडेदहा हजार फूट उंचीवर आहे आणि सगळ्या वादाचें मर्म तिच्या पायथ्याशीं आहे. वायव्येकडून, लिंपियाधुराच्या बाजूनें, कुठी यांकती येते. ईशान्येकडून, लिपुलेख व कालापाणीच्या बाजूनें, दुसरा प्रवाह येतो. दोघांचा संगम गुंजीखालीं होतो व तेथून पुढें तिला काली म्हणण्याबद्दल कोणाचें दुमत नाहीं. मात्र वरच्या दोहोंतली काली कोणती? कुठीला काली मानलें तर गुंजी, नाबी व कुटी हीं गांवें, कालापाणी आणि लिपुलेख हीं तिच्या पूर्वेला पडतात, म्हणजे नेपाळचीं. कालापाणीच्या प्रवाहाला काली मानलें तर तीं भारताचीं. संगमावर उभें राहून पाहिलें तर कुठी दांडगी दिसते. तिची लांबी अधिक, पाणीहि अधिक. नेपाळचें म्हणणें याच मुद्द्यावर उभें आहे. शिवाय १८२७ च्या एका इंग्रजी नकाशांत कुठीच्या प्रवाहालाच काली म्हटलें आहे, आणि १९६१ सालच्या आपल्या शिरगणतींत या तीन गांवांची मोजदाद झाली होती, असें नेपाळी अभ्यासक दाखवितात.

उलट बाजूहि पोकळ नाहीं. तहानंतर लगेच, १८१७ सालीं, तिंकर व छांगरू हीं गांवें कालीच्या पूर्वेस आहेत म्हणून नेपाळनें मागितलीं आणि इंग्रजांनीं तीं दिलीं. मग कुटी व नाबीहि मागितलीं, तेव्हां मात्र इंग्रजांनीं नकार दिला. त्यांचें उत्तर असें कीं, कालापाणीच्या झऱ्यांतून येणारा ओघ लहान असला तरी लोक पूर्वापार त्यालाच काली म्हणत आले आहेत. हें उत्तर ॲटकिन्सनच्या हिमालयावरील ग्रंथांत नमूद आहे. १८३० नंतरच्या दशकांपासून या गांवांचा कारभार व महसूल कुमाऊंकडून चाललेला आहे, असें भारत सरकार सांगतें. आणि लोकांचें नांव देणें व पाण्याचें मोजमाप हीं वेगळीं, यांत आपल्याकडे नवल तें काय? अलकनंदा ही भागीरथीहून मोठी. पण गंगेचा उगम विचारला तर आपण गंगोत्रीकडेच बोट दाखवितों. आमच्या मतें या वादांत दोन्ही पक्ष दोन वेगळ्या प्रश्नांचीं बरोबर उत्तरें देत आहेत. कोणता ओघ मोठा, याचें उत्तर नेपाळ देतें. काली हें नांव कोणत्या ओघाला होतें, याचें भारत. तहांत कोणता प्रश्न विचारला होता तें लिहिणारे सांगून गेले नाहींत.

रस्त्याच्या उद्घाटनानंतर बाराच दिवसांनीं, २० मे २०२० रोजीं, नेपाळनें नवा नकाशा काढला व सुमारें ३३५ चौरस किलोमीटरांचा हा कोपरा आपल्यांत दाखविला. जूनमध्यें तो घटनादुरुस्तीनें राजमुद्रेंतहि गेला. भारतानें तो दावा अमान्य केला. २०२५ सालीं लिपुलेखवरून कैलासयात्रा पांच वर्षांच्या खंडानंतर सुरू झाली, आणि ऑगस्टांत भारत व चीन यांनीं त्याच खिंडींतून व्यापार पुन्हां सुरू करण्याचें ठरवितांच नेपाळनें आक्षेप नोंदविला. चर्चेला बसूं असें दोन्हीकडून म्हटलें जातें.

कालापाणी गुंजीपासून फार दूर नाहीं. तेथें कालीमातेचें लहानसें मंदिर आहे, तें जवान सांभाळतात. मंदिराखालच्या खडकांतून झरा निघतो. लिपुलेखकडून येणारा ओढा त्याच्या पुष्कळ पट मोठा. पण उगम म्हणून हात जोडतात ते झऱ्याला. पाणी इतकें थंड होतें कीं आचमनाची तिसरी पळी आम्हीं नाममात्रच घेतली. पुजाऱ्याचें काम करणाऱ्या जवानानें प्रसादाच्या बत्ताशांबरोबर गरम चहाहि दिला. दुपारचा वारा सुटण्यापूर्वीं खालीं उतरा, असें तो पुन्हां पुन्हां बजावीत होता.

उतरतांना गर्ब्यांगच्या खालीं सीतापुलापाशीं थांबावें लागलें. छांगरूचीं माणसें हिंवाळा संपवून वर घरीं चाललीं होतीं. नेपाळनें आपल्या बाजूनें वाट पाडण्याचें काम हातीं घेतलें आहे. परंतु अजूनहि पुष्कळ जण स्वतःच्या गांवीं जाण्यासाठीं भारतांतून चढतात व येथें पूल ओलांडून घरीं पोंचतात. खेंचरांवर भांडीं, गाद्या, पत्र्याच्या पेट्या. एका पेटींतून मांजर डोकावत होतें. पुलाच्या तोंडाशीं शिपाई वहींत माणसांचीं नांवें लिहून घेत होता. मेंढ्यांचा कळप त्याच्या खुर्चीला वळसा घालून पुढें निघून गेला होता, आणि एक लहान मुलगी त्यांना हांका मारीत पलीकडे धांवत होती.